सकाळी कापड साफ कापतो, दुपारी सोडत नाही: सोलापूरच्या उन्हाळ्यात लेझरचा नेहमीचा बिघाड

मार्च उलटला की ही तक्रार सुरू होते आणि पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. शाळेच्या गणवेशाचे बॅज, खिशावरचे लोगो, भरतकामाखाली लावायचे ट्विलचे पॅच कापणारं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं) लेझर मशीन सकाळी नऊला झकास चालतं. कड साफ, पॅच उचलला की हातात. साडेबारा-एकनंतर तेच कापड, तीच फाइल, तोच स्पीड, तीच पॉवर, आणि पॅच सुटत नाही. खालच्या बाजूने चार-दोन धागे धरून ठेवतात. मग एक मुलगा फक्त कात्री घेऊन पॅच सोडवायला बसवावा लागतो. रात्री आठला मशीन पुन्हा सरळ.

"दुपारी काय होतंय बघा अण्णा, कापड सोडंना झालंय." हे वाक्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऐकायला मिळतं, पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळतं, होटगी रोडला अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्यांकडेही मिळतं. हंगामही असा की थांबायची सोय नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडणार, म्हणजे गणवेशाचा माल एप्रिल-मेमध्येच निघाला पाहिजे, आणि नेमका तेव्हाच सोलापूरचा पारा ४० च्या वर बसलेला असतो.

यावर बहुतेक ठिकाणी दोनच उपाय होतात. ऑपरेटर सॉफ्टवेअरमध्ये पॉवर वाढवतो, आणि आठवड्याभराने मालक म्हणतात, ट्यूब (किरण तयार करणारी काचेची नळी) गेली, नवी मागवा. नवी ट्यूब बसते, संध्याकाळी चाचणी होते, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा धागे. या दोन्ही उपायांनी पैसा जातो आणि बिघाड तिथंच राहतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पॉवर वाढवली की बिघाडही का वाढतो

काचेच्या ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण असतं. उच्च दाबाची वीज या वायूतून गेली की कार्बन डायऑक्साइडचे रेणू वरच्या ऊर्जेच्या पायरीवर चढतात, तिथून मधल्या पायरीवर उतरताना १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा किरण देतात. (हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी चालवून दाखवला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या शोधावर आज आपले पॅच कापले जातात, याचा मला मनापासून अभिमान आहे.)

प्रश्न त्या मधल्या पायरीचा आहे. तिथं आलेले रेणू पटकन खाली उतरून मोकळे झाले तरच पुढचे रेणू किरण देऊ शकतात. त्यांना खाली उतरवायला आणि त्यांची उष्णता काचेच्या भिंतीपर्यंत पोहोचवायला हेलियम असतो. भिंतीपासून ती उष्णता नेतं पाणी. पाणीच गरम असेल तर वायू गरम राहतो, मधली पायरी रिकामी होत नाही आणि तेवढ्याच करंटमध्ये किरण कमी निघतो. जो किरण झाला नाही, त्याची उष्णताच होते.

काचेच्या ट्यूबला दिलेल्या विजेपैकी किरण होऊन बाहेर पडते ती साधारण १० ते १५ टक्के. म्हणजे ८० वॉटची ट्यूब पूर्ण जोरात चालते तेव्हा साडेचारशे ते सातशे वॉट उष्णता पाण्यात उतरत असते. आता ऑपरेटर ६० टक्क्यांची पॉवर ७५ करतो. करंट वाढला, त्याबरोबर उष्णता वाढली, पाणी आणखी तापलं, किरण आणखी घसरला. तासाभराने ७५ चे ८५. संध्याकाळी पाणी निवल्यावर तीच ८५ पॉवर कापडाला जास्त होते आणि कड काळी पडते. ट्यूबचं आयुष्य जातं ते यात. दुपारी कट सुटेना झाला की पॉवरच्या आकड्याला हात लावू नका. आधी पाण्याचं तापमान बघा.

वेळ आणि जागा पाहिली की निम्मं निदान होतं

मशीन उघडण्याआधी दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. बिघाड फक्त दुपारी होतो आणि बेडच्या (कापड पसरायच्या टेबलाच्या) चारही कोपऱ्यांत सारखा होतो, तर दोष पाण्याकडे. दुपारच्या वेळेशी थेट संबंध नाही, रोज थोडा थोडा वाढतो आणि लेन्स पुसली की बरा होतो, तर किरण ट्यूबपासून कापडापर्यंत नेणारे लेन्स-आरसे. मशीनजवळचा कोपरा कापतो आणि लांबचा कापत नाही, तर आरशांची अलाइनमेंट, म्हणजे एका रेषेतली जुळणी. एकाच ठाणाच्या कापडाला त्रास आणि बाकीच्यांना नाही, तर कापडाची जाडी, सुरकुती किंवा फोकस. आणि चालता चालता मध्येच रेघ तुटते, पुन्हा लागते, तर पॉवर सप्लाय, व्होल्टेज किंवा अर्थिंग. एका मशीनमध्ये यातले दोन दोष एकत्र असू शकतात. सोलापुरात उन्हाळ्यात बहुधा पहिले दोन एकत्रच सापडतात, त्याचं कारण पुढं येईल.

कापड बाजूला ठेवून चाचणी घेतली तर खात्री होते. तीन मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्या. स्पीड एकच ठेवून २० टक्क्यांपासून पाच-पाचने पॉवर वाढवत छोट्या रेघा मारा आणि कोणत्या पॉवरला रेघ पहिल्यांदा आरपार जाते ते बघा. सकाळी मशीन सुरू करून अर्ध्या तासाने एकदा, दुपारी अडीचला एकदा. तुकड्यावरच मार्करने तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहा आणि तुकडा जपून ठेवा. सकाळी आरपार जायला जी पॉवर लागली तिच्यापेक्षा दुपारी जास्त लागत असेल आणि पाणीही तापलेलं असेल, तर नवी ट्यूब मागवायची काही गरज नाही.

या चाचणीच्या वेळी पॅनलवरचा, ट्यूबचा करंट दाखवणारा मिलीअँपिअरचा मीटरही बघा. काटा सकाळी होता तिथंच आहे आणि कट मात्र कमी, म्हणजे वीज पोहोचते आहे पण किरण होत नाही किंवा वाटेत अडतो आहे: पाणी आणि लेन्स तपासा. काटाच खाली आला असेल तर पॉवर सप्लाय आणि व्होल्टेजकडे वळा. ज्या मशीनला हा मीटर नाही तिथं तो जाणकाराकडून बसवून घ्यावा. स्वतः करू नका. ट्यूबच्या एका टोकाला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही पॉवर सप्लायमध्ये तो थोडा वेळ टिकून राहतो. मागचं झाकण उघडून लाल वायरला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

चिलर: नुसता पंखा की खरा थंडावा?

पूर्व भागातल्या एका शेडमध्ये मे महिन्यात दुपारी गेलो तेव्हा मशीनशेजारी डौलात चिलर, म्हणजे ट्यूबचं पाणी थंड करून फिरवणारं यंत्र, उभा होता, पाणी फिरत होतं, कुठलाही अलार्म नव्हता. परतीच्या नळीतलं पाणी एका ग्लासात घेऊन साधा थर्मामीटर बुडवला, तर ४३ अंश. मालक म्हणाले, "चिलर तर चालू आहे की!" चालू होताच. पण तो सीडब्ल्यू ३००० होता.

सीडब्ल्यू ३००० या नावाखाली जे मिळतं त्यात कॉम्प्रेसर नसतो. टाकी, पंप, रेडिएटर आणि पंखा एवढंच. असला डबा पाण्याला आजूबाजूच्या हवेइतकं थंड करायचा प्रयत्न करतो, हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. त्याची क्षमता अंशाला ५० वॉट अशी दिलेली असते. म्हणजे ट्यूब ५०० वॉट उष्णता पाण्यात टाकत असेल तर पाणी हवेपेक्षा सुमारे दहा अंश वर जाऊन थांबेल. हवा २० अंश असलेल्या गावात हे चालून जातं. पत्र्याखाली ४० अंश असलेल्या शेडमध्ये पाण्याचं काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. ट्यूबला पाणी २० ते २५ अंशांचं लागतं आणि ३० च्या वर गेलं की काम थांबवलेलं बरं.

म्हणून सोलापुरात कॉम्प्रेसरवाला चिलरच लागतो, म्हणजे सीडब्ल्यू ५००० किंवा ५२००. ऐंशी वॉटच्या आसपासच्या ट्यूबला ५००० पुरतो असं विकणारे सांगतात, पण ते आकडे सौम्य हवेतले असतात. खोली तापली की कुठल्याही कॉम्प्रेसरची थंड करण्याची ताकद उतरते. माझं मत स्पष्ट आहे: ८० वॉटला ५२०० च घ्या, आणि पैशाची ओढाताण असेल तर मशीन एक नंबर लहान घ्या पण चिलर लहान घेऊ नका.

खरा चिलर असूनही दुपारी पाणी तापत असेल तर तीन ठिकाणी बघा.

पहिलं, बाजूची जाळी. मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथंच सापडलाय. आपल्या गावात लेझरच्या शेजारच्या गाळ्यात माग असतो, टॉवेलचं शिलाईकाम असतं किंवा त्याच शेडमध्ये कटिंगचं टेबल असतं. हवेत तूस उडत असतं आणि चिलरचा पंखा ते दिवसभर आत ओढतो. बाजूची प्लास्टिकची जाळी काढून उजेडाकडे धरा. कित्येकदा तिच्यावर राखाडी रंगाचा, बोटाने सोलून काढता येईल असा अखंड थर निघतो, जणू नमदाच. त्यातून हवा जाणार कुठून? जाळी धुवा, वाळवा. मग आतल्या कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पट्ट्यांवर ब्लोअरने हवा मारा, पण जपून, फार जवळून मारली तर पट्ट्या वाकतात. जिथं तूस उडतं तिथं हे काम आठवड्याला एकदा हवं, आणि हंगामात दोनदा.

दुसरं, चिलरची जागा. जागा वाचवायला तो कोपऱ्यात, भिंतीला चिकटून किंवा मशीनच्या पोटाखाली ढकललेला असतो. त्याने बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून पुन्हा त्याच्याच तोंडात येते. चारही बाजूंनी हात-दीड हात मोकळी जागा ठेवा. शक्य असेल तर नळ्या लांबवून तो शेडच्या सावलीतल्या, उत्तरेच्या बाजूला न्या. पश्चिमेच्या पत्र्याला टेकलेला चिलर दुपारी तीननंतर हमखास हरतो.

तिसरं, सेटिंग. बऱ्याच चिलरमध्ये कारखान्यातून 'इंटेलिजंट' मोड लावून येतो. त्यात पाण्याचं तापमान ठरावीक राहत नाही, खोलीच्या तापमानापेक्षा दोनेक अंश कमी असं त्याच्या मागं मागं जातं. हिवाळ्यात हे छान. मे महिन्यात खोलीबरोबर पाणीही वर चढतं आणि चिलरच्या मते सगळं व्यवस्थित असतं. पुस्तिका बघून मोड 'कॉन्स्टंट' करा आणि २२ ते २५ च्या मध्ये आकडा पक्का करा. ई-वन अलार्म आला तर बहुतेक मॉडेलमध्ये त्याचा अर्थ खोली फार तापली असा असतो, ई-टू म्हणजे पाणी फार तापलं. अलार्मची वायर काढून मशीन चालवणं काही ठिकाणी पाहिलंय. तसं कृपया करू नका. पाणी थांबलं किंवा उकळायला आलं की ट्यूबची काच काही क्षणांत तडकते आणि तेव्हा सांगायला अलार्म उरलेला नसतो.

बादलीत बर्फ टाकण्याबद्दल लोक विचारतात. ज्यांच्याकडे चिलरच नाही आणि ऑर्डर उद्याची आहे, त्यांनी पाण्याच्या बाटल्या घट्ट झाकून गोठवाव्यात आणि टाकीत आळीपाळीने ठेवाव्यात. मोकळा बर्फ टाकू नये. पाणी एकदम १२ अंशांवर येतं, तापलेल्या काचेला धक्का बसतो, शिवाय बर्फाबरोबर नळाचं पाणी टाकीत जातं. तेही बरं नाही, का ते पुढं सांगतो.

पाणी कोणतं

डिस्टिल्ड. बोअरचं नाही, नळाचं नाही, आरओचंही नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते बादलीच्या काठावर दिसतंच. तेच क्षार ट्यूबच्या आतल्या काचेवर बसले की पाणी थंड असूनही उष्णता पाण्यात उतरत नाही. दुसरं म्हणजे क्षाराचं पाणी वीज वाहून नेतं. उच्च दाबाची वीज ट्यूबच्या ऐवजी पाण्यातून वाट काढते, मीटरचा काटा थरथरतो, कधी टाकीत बोट घातलं तर मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर मशीन तत्काळ बंद करा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय सुरू करू नका.

बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं. दोन-तीन महिन्यांनी बदलावं, आणि हिरवट छटा दिसली की लगेच. भरल्यानंतर ट्यूबमध्ये बुडबुडा अडकलेला नाही ना ते टॉर्च लावून बघा. किरण बाहेर पडतो त्या टोकाला बुडबुडा बसला की तेवढ्या जागी काच कोरडी राहते आणि तिथंच तडा जातो. पंप चालू ठेवून नळी चिमटून सोडली किंवा मशीनची एक बाजू किंचित उचलली की बुडबुडा निघून जातो.

तूस, धूर आणि समोरचा पंखा

आता दुसरा दोष. उन्हाळ्यात ऑपरेटरला उकडतं, म्हणून मशीनसमोर मोठा फर्राटा पंखा लागतो. माणसाला तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा झोत बेडवर आला की खाली ओढला जायचा धूर वर उसळतो आणि नोझलच्या (लेन्सखालच्या तोटीच्या) आसपास घोटाळतो. टेरीकॉट किंवा पॉलिस्टर कापताना निघणारा धूर चिकट असतो. तो लेन्सवर बसतो, त्यावर हवेतलं तूस चिकटतं, आणि किरण रोज ते तूस लेन्सवरच भाजतो. मळलेली लेन्स किरण शोषते, तापते, तिचा फोकस सरकतो. सकाळी गार लेन्स बरा कट देते, तासाभरात तापली की फोकस ढिला. म्हणजे याचीही लक्षणं पाण्याच्या दोषासारखीच दिसतात, आणि मे महिन्यात दोन्ही हातात हात घालून येतात. ओळखायचं कसं? दुपारी कट बिघडला की मशीन वीस मिनिटं थांबवा, पंप चालू राहू द्या, आणि पुन्हा चाचणीची रेघ मारा. पाण्याचं तापमान तेवढंच असूनही पहिल्या काही रेघा चांगल्या आल्या आणि मग ढासळल्या, तर लेन्स.

पंखा ऑपरेटरच्या पाठीमागून किंवा बाजूने लावा, झोत बेडला समांतर येऊ देऊ नका. एअर पंपची हवा नोझलमधून नीट येते का ते तळहात धरून बघा (किरण बंद असताना). ही हवा धुराला लेन्सपासून दूर ठेवते, त्यामुळे एअर पंपच्या फिल्टरमध्ये तूस अडकलं की लेन्सवर लगेच परिणाम दिसतो. बेडखालचा ब्लोअर आणि त्याची पाइपही उघडून झटका. कापडाच्या गाळ्यात त्या पाइपमध्ये तूस आणि काजळी यांचा गोळा साठतो. तो पेट घेऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

लेन्स झिंक सेलेनाइडची असते, पिवळसर नारिंगी रंगाची. तोंडाची वाफ देऊन सदऱ्याच्या टोकाने पुसली की तिच्यावरचा थर ओरखडतो आणि तिथून पुढं ती रोज जास्त तापते. थंड झाल्यावर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लेन्सच्या कागदावर घ्या, कागद तिच्यावरून एकदाच अलगद ओढा, तोच कागद परत वापरू नका. फुगीर बाजू वर, सपाट बाजू कापडाकडे. उलटी बसली तर फोकस जाड होतो आणि मग कुठलंच कापड नीट सुटत नाही. लेन्स फुटली किंवा जळून पांढरी पावडर दिसली तर हातमोज्याशिवाय हात लावू नका, ती विषारी असते. आरसेही याच पद्धतीने पुसा.

लांबच्या कोपऱ्यातला त्रास असेल तर प्रत्येक आरशाच्या पुढं मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून हलकी पल्स (क्षणभराचा किरण) मारा. जवळच्या आणि लांबच्या टोकाला डाग एकाच जागी पडला पाहिजे. पडत नसेल तर ट्यूबजवळच्या आरशापासून सुरुवात करा, शेवटच्यापासून नाही.

कापडाचा दोष आहे का

कधीकधी खरंच असतो. दोन इंच फोकल अंतराच्या लेन्सला फोकसची चूक एक-दोन मिलिमीटरच चालते. उन्हाने कडक झालेलं, सुरकुतलेलं कापड बेडच्या जाळीवर तेवढं उचललं की तिथले धागे राहतात. खालचं सक्शन पुरेसं असेल तर कापड बसून राहतं. या हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या) जाळीवर धुराचा डांबरासारखा थर साचला असेल तर सक्शनही मरतं आणि पॅचच्या मागं तपकिरी डागही पडतात. जाळी महिन्यातून एकदा तरी साबणाच्या गरम पाण्यात भिजवून घासा.

कापडाचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. पॉलिस्टर वितळतं, त्याची कड स्वतःच बंद होते, धागा निघत नाही. सुती कापड वितळत नाही, जळतं. त्याची कड तपकिरी दिसते आणि बंदही होत नाही. टेरीकॉटमध्ये दोन्ही एकत्र असतात, म्हणून त्याला चांगला स्पीड आणि बेताची पॉवर मानवते. हळू चालवलं की सुताचा भाग करपतो. इथले टॉवेलवाले विचारतात, चादर-टॉवेलच्या कडा लेझरने कापता येतील का, म्हणजे शिलाईचा खर्च वाचेल. शुद्ध सुताला त्याचा उपयोग नाही. कड जळकी दिसेल आणि पहिल्या धुण्यात सुटेल. तिथं शिलाईच हवी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दप्तराचं रेक्झिन याच मशीनवर कापून द्या म्हणून गिऱ्हाईक येतं. पीव्हीसीचं रेक्झिन लेझरखाली घालू नका, कितीही पैसे देत असले तरी. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ऑपरेटरच्या फुप्फुसात जातो, आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, लेन्स सगळ्यांना गंज आणतो. ओळखायला तांब्याची तार मोकळ्या हवेत ज्योतीवर लाल करा, रेक्झिनला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) असेल तर धुराची सोय करून कापता येतं.

व्होल्टेज आणि अर्थिंग

दुपारी कूलर, पंखे, माग सगळे एकदम चालतात आणि शेडमधलं व्होल्टेज उतरतं. मल्टिमीटर लावून सकाळ-दुपार मोजा. फार फरक असेल तर चिलर आणि लेझर दोघांनाही पुरेल एवढा स्टॅबिलायझर लावा. चिलरचा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजला उचलतच नाही, पंप मात्र फिरत राहतो, त्यामुळे वरून सगळं ठीक वाटतं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात आठवड्याला पाणी घालायची सवय ठेवा.

शिफ्टचा विचार

मे महिन्यात लेझरचं काम पहाटे सहा ते दुपारी बारा आणि मग संध्याकाळी असं लावता आलं तर मशीन, माणूस आणि वीज तिन्हीला बरं. दुपारच्या वेळेत फ्यूजिंग (कापडाला अस्तर गरम दाबाने चिकटवणं), पॅकिंग, कापड ताणून ठेवणं ही कामं होतात. शेडच्या पत्र्याला पांढरा चुना मारला किंवा वर शेडनेट बांधलं तरी आतली हवा निवते, आणि चिलरला तोच मोठा आधार असतो.

पाऊस सुरू झाला की आकडा बदला

उन्हाळ्यात हवा कोरडी असते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दव धरण्याचं तापमान १३ अंशांच्या आसपास येतं, त्यामुळे पाणी २२ वर असलं तरी काही भिजत नाही. जुलैमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की तेच तापमान २३ वर जातं. चिलर अजून २२ वर असेल तर ट्यूबच्या तोंडाशी आणि नळ्यांवर पाण्याचे थेंब जमतात. किरण त्या थेंबांवर आदळला की ट्यूबच्या टोकाच्या काचेवर डाग पडतो, आणि उच्च दाबाची वीज ओल्या पृष्ठभागावरून ठिणगी टाकते. पहिला पाऊस झाला की सेटिंग २५-२६ करा. सकाळी नळ्यांवरून हात फिरवा, ओल लागली तर आणखी एक अंश वाढवा.

ट्यूब खरंच गेली असं कधी म्हणायचं

पाणी २३-२४ अंशांवर टिकतंय, पाणी डिस्टिल्ड आहे, लेन्स-आरसे साफ आहेत, अलाइनमेंट बरोबर आहे, मीटरचा काटा नेहमीच्या जागी आहे, आणि तरीही सकाळच्या गारव्यात तीन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकला जुन्या तुकड्यापेक्षा बरीच जास्त पॉवर लागते, तर ट्यूब संपत आली. आतली चमक गुलाबी-जांभळी जाऊन पांढरट दिसू लागली तर तीच खूण. नवी मागवताना तयार झाल्याची तारीख विचारा. काचेच्या ट्यूबमधला वायू कपाटात पडूनही कमी होत जातो, म्हणून हंगामाच्या भीतीने दोन ट्यूब आणून ठेवू नका. बसवल्यानंतर पहिल्याच दिवशी, सकाळी आणि दुपारी अडीचलाही, अ‍ॅक्रिलिकच्या नव्या तुकड्यावर रेघा मारा, पाण्याचं तापमान लिहा आणि तो तुकडा मशीनच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.